धक्का, बॉयलर आणि तीन खानावळी

अलास्काच्या दक्षिण आणि नैर्ऋत्य किनाऱ्यावर, जिथे एखादी नदी समुद्राला मिळते आणि रस्ता कुठलाच पोचत नाही, अशा जागी ओहोटी लागली की पाण्यातून लाकडी खांबांच्या रांगा वर येतात. काही खांब ताठ, काही कललेले, काही भरतीच्या रेषेपाशी कुरतडले जाऊन बारीक झालेले. त्यांच्यामागे चिखलात रुतलेला बॉयलर, माणूस वाकून आत शिरेल एवढी लोखंडी नळकांडी, पत्र्याचा गंजून एकजीव झालेला ढीग आणि त्यापलीकडे जंगलाने अर्ध्या गिळलेल्या लाकडी इमारती. साल्मन मासा डब्यात भरण्याचे हे कारखाने. त्यांना ‘कॅनरी’ म्हणतात. एकट्या आग्नेय अलास्कात १८७८ ते १९४९ या काळात अशा शंभराहून अधिक कॅनऱ्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या कित्येक आगीत गेल्या, काही मोडून विकल्या गेल्या, आणि बऱ्याच नुसत्या कुलूप लावून सोडून दिल्या गेल्या.

कारखाना इतक्या आडजागी का बांधला, याचे उत्तर माशाच्या स्वभावात आहे. साल्मन नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नेमका आपल्याच नदीत परततो. पॅसिफिकमधला साल्मन अंडी घातल्यावर मरून जातो. (महाराष्ट्रात हॉटेलच्या मेन्यूवर ‘इंडियन साल्मन’ म्हणून मिळतो तो रावस. त्याचे याच्याशी काही नाते नाही.) नदीत शिरल्यावर मासा खाणे सोडतो, अंगातली चरबी जाळत वर चढतो आणि त्याचे मांस दिवसागणिक पांढरट, बेचव होत जाते. म्हणून तो नदीच्या तोंडाशीच पकडायला हवा. ब्रिस्टल बे या उपसागरात तांबड्या मांसाचा सॉकाय जातीचा साल्मन येतो, जगात सर्वांत मोठ्या संख्येने, आणि त्याचा मुख्य लोंढा जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दोन-तीन आठवड्यांत उरकतो. पकडलेला मासा फार तर एक-दोन दिवस टिकतो. बर्फाचे कारखाने नव्हते, जवळचे मोठे शहर दोन-तीन हजार किलोमीटरांवर. तेव्हा मासा कारखान्याकडे नेण्यापेक्षा कारखानाच माशाकडे नेणे भाग होते.

अन्न हवाबंद करून उकळण्याची युक्ती फ्रान्समध्ये निकोला आपेरने शोधली आणि १८१० मध्ये तिच्यासाठी सरकारकडून १२,००० फ्रँकचे बक्षीस घेतले. पॅसिफिकच्या साल्मनवर तिचा प्रयोग १८६४ मध्ये कॅलिफोर्नियात झाला. मेन राज्यातून आलेले ह्यूम बंधू आणि त्यांचा मित्र अँड्र्यू हॅपगुड यांनी सॅक्रामेंटो नदीत एका तराफ्यावर पहिली कॅनरी मांडली. पहिल्या वर्षीचे जवळपास निम्मे डबे वाया गेले. सोन्याच्या खाणींनी नदी गढूळ करून मासा पळवला, तसे ते दोन वर्षांत उत्तरेला कोलंबिया नदीवर सरकले. अमेरिकेने रशियाकडून अलास्का १८६७ मध्ये ७२ लाख डॉलरना विकत घेतला आणि ११ वर्षांनी, १८७८ मध्ये, क्लावॉक आणि सिटका इथे तिथल्या पहिल्या दोन कॅनऱ्या सुरू झाल्या. ब्रिस्टल बेमध्ये पहिली कॅनरी नुशागाक नदीवर १८८४ मध्ये आली. गिऱ्हाईक दूरचे होते: अमेरिकेतला आणि मुख्यतः इंग्लंडमधला गिरणी कामगार. ताज्या मांसापेक्षा डब्यातला साल्मन त्याला स्वस्त पडे.

कारखाने इतके झाले की १८९०च्या सुमारास माल पडून राहू लागला आणि भाव कोसळले. त्यावर उपाय म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या मालकांनी १८९३ मध्ये ‘अलास्का पॅकर्स असोसिएशन’ स्थापन केली. जादा कॅनऱ्या बंद करायच्या आणि उरलेल्यांचा नफा वाटून घ्यायचा, हा तिचा पहिला धंदा. म्हणजे ओसाड कॅनरी ही काही अलीकडची गोष्ट नाही. पहिली कॅनरी उभी राहिल्याला पंधरा वर्षे होत नाहीत तोच पहिल्या बंद कॅनऱ्या किनाऱ्यावर दिसू लागल्या होत्या. नदी हातातून जाऊ नये म्हणून बांधायची आणि प्रतिस्पर्धी हटला की सोडायची, असेही घडले. जागेचे भाडे नव्हते, लाकूड शेजारच्या जंगलातले. सोडून देणे स्वस्त होते, मोडून नेणे महाग.

या नद्या कोणाच्या नव्हत्या असे मात्र नाही. आग्नेय अलास्कातल्या त्लिंगित लोकांत प्रत्येक ओढ्यावर एकेका कुळाचा हक्क होता. कुठे, कधी, किती मासा धरायचा हे कुळाचा प्रमुख ठरवी. कॅनऱ्यांनी ते हक्क मानले नाहीत. सुरुवातीला तर ओढ्याला सरळ बांध घालून मासा अडवत. १८८९ मध्ये अमेरिकी संसदेने त्याला बंदी केली, पण अंमलबजावणीला माणसे नव्हती. ज्यांच्या नद्या गेल्या त्याच कुळांतल्या बायका पुढे कॅनरीच्या पट्ट्यावर मासे धुवायला उभ्या राहिल्या.

कॅनरीची रचना सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच, त्यामुळे एक नीट पाहिली की बाकीच्यांचे अवशेष वाचता येतात. ब्रिस्टल बेमध्ये भरती-ओहोटीतला फरक सहा-सात मीटरपर्यंत जातो. मचवा कुठल्याही वेळी लागावा म्हणून धक्का उंच खांबांवर बांधावा लागे आणि मुख्य कारखानाही खांबांवरच. त्याचा दुसरा फायदा असा की डोकी, कल्ले, आतडी सगळे फटींतून थेट खाली समुद्रात जाई. मागच्या टेकडीवर ओढ्याला छोटा बांध आणि तिथून लाकडी नळ, कारण मासे धुवायला आणि बॉयलरला गोडे पाणी अमाप लागे. धक्क्यावर मासळीघर, त्याला लागून डबे भरण्याची लांबच लांब शेड, मग डबे वाफेत शिजवायचे रिटॉर्ट, मग कोठार. किनाऱ्यावर सुतारशाळा, लोहारशाळा, होड्यांची शेड, दवाखाना, दुकान आणि जाळ्यांचा माळा. त्या काळची जाळी अळशीच्या सुताची. ती भिजून कुजू नयेत म्हणून मोरचुदाच्या पाण्यात बुडवत. माळ्याखालच्या लाकडी टाक्यांवरचा निळा-हिरवा डाग अजून काही ठिकाणी ओळखू येतो. नायलॉन आले आणि त्या टाक्यांचे काम संपले.

मासा होडीतून वर घेताना एकाच टोकाच्या लांब काट्याने भोसकून फेकत. काटा डोक्यातच बसला पाहिजे, धडात बसला तर मांस खराब, हा नियम. मासळीघरात चिनी कारागीर दोन सुऱ्यांनी डोके, पर, शेपूट आणि पोट साफ करत. १९०३च्या सुमारास सिएटलच्या एडमंड स्मिथने हेच काम करणारे चाकासारखे फिरणारे यंत्र बनवले. मिनिटाला साठच्या आसपास मासे त्यातून साफ होऊन पडत आणि तीसेक कारागिरांचे काम एक यंत्र करी. या यंत्राच्या बिडाच्या पाटीवर चिनी माणसाला उद्देशून वापरली जाणारी शिवी नाव म्हणून ओतलेली असे. ज्यांची नोकरी गेली त्यांच्या नावाची ती चेष्टा होती आणि अनेक दशके ती जाहिरातींत, बिलांत, सरकारी अहवालांत बिनदिक्कत छापली गेली. कॅनऱ्यांच्या अवशेषांत हे यंत्र आजही सापडते. गंजते, पण मोडत नाही.

यंत्राने जे सुटे ते पट्ट्यावर हाताने निपटावे लागे: रक्ताची शिरा, उरलेले खवले, पराचा तुकडा. बर्फासारख्या पाण्यात हात घालून दिवसाचे बारा-चौदा तास हे काम मुख्यतः बायका करत. मग मासा आडवा कापून डब्यात भरायचा, चिमूटभर मीठ टाकायचे, झाकण. पाणी नाही, तेल नाही. मासा स्वतःच्याच रसात शिजतो. सुरुवातीच्या काळात डबासुद्धा जागेवरच होई. कथलाचा मुलामा दिलेला पत्रा जहाजातून येई आणि माशाचा हंगाम सुरू होण्याआधी दोन-तीन महिने चिनी कारागीर तो कापून, वळवून, डाग देऊन लाखो डबे बनवत. भरलेला डबा एकदा उकळायचा, झाकणाला बारीक भोक पाडून आतली वाफ सोडायची, लगेच कथलाच्या थेंबाने भोक बुजवायचे आणि पुन्हा शिजवायचा. भोक बुजवायला क्षणभर उशीर झाला तर बाहेरची हवा आत आणि डबा वाया. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दुहेरी दुमडीची झाकणे आली आणि डाग देणे बंद झाले. जुन्या कॅनऱ्यांच्या जमिनीत आणि चिखलात त्या कथलाचे थेंब मात्र मुठीने सापडतात.

शेवटी रिटॉर्ट. ती माणूस वाकून शिरेल एवढी आडवी नळकांडी म्हणजे हेच. आत रूळ, रुळांवर डब्यांच्या जाळीदार ट्रॉल्या. दार घट्ट आवळून वाफ सोडायची आणि साधारण ११५ अंश सेल्सिअसला दीड तास ठेवायचे. एक पौंडी, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅमचे, ४८ डबे म्हणजे एक खोके, आणि साऱ्या धंद्याचा हिशेब या खोक्यांत चाले. गार झालेल्या डब्यांवर एकजण बारीक सळईने टकटक करत जाई. चांगला डबा एका आवाजात बोले, हवा शिरलेला दुसऱ्या. सराव झालेला माणूस हजारांतून नासका डबा नुसत्या कानाने काढी.

पुढे जागा वाचवण्यासाठी डबे चपटे करून पाठवण्याची पद्धत आली. कॅनरीत पोचल्यावर यंत्राने ते पुन्हा गोल करायचे. हे काटकसरीचे यंत्र दीर्घकाळ नीट चालले आणि १९८२ मध्ये साऱ्या धंद्याला महागात पडले. बेल्जियममध्ये अलास्काच्या डब्यातला साल्मन खाऊन एका माणसाचा बोट्युलिझम या विषबाधेने मृत्यू झाला. तपासात दिसले की डबा गोल करणाऱ्या यंत्राने पत्र्याला सूक्ष्म चीर पाडली होती. त्यानंतर कोट्यवधी डबे बाजारातून परत घ्यावे लागले.

माणसांची व्यवस्था यंत्रांच्या व्यवस्थेइतकीच ठरावीक होती. मालक कामगारांना थेट नेमत नसे. सॅन फ्रान्सिस्को, पोर्टलंड किंवा सिएटलमधल्या चिनी मुकादमाशी करार होई: इतकी खोकी भरून द्यायची, खोक्यामागे इतके पैसे. कमीत कमी किती खोक्यांचे पैसे मिळतील याची हमी कंपनी देई, बाकी मुकादमाची जोखीम. मुकादम टोळी जमवे, उचल देई, जेवण आणि झोपण्याची सोय करी, आणि हंगाम संपल्यावर हिशेबात उचल, तांदूळ, कपडे, जुगारातले देणे सगळे वळते करून घेई. ऊसतोडीच्या टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा हिशेब निराळा समजावून सांगायला नको. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांच्या प्रवेशाला कायद्याने बंदी केली. असलेले कारागीर म्हातारे होत गेले, त्यांच्या जागी जपानी, मेक्सिकन आणि १९२०नंतर मुख्यतः फिलिपिनो तरुण आले. फिलिपाइन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात असल्याने त्यांना अडवता येत नव्हते. ते स्वतःला ‘अलास्केरो’ म्हणवत. लेखक कार्लोस बुलोसान १९३०च्या उन्हाळ्यात असाच एका कॅनरीत राबला होता. ‘अमेरिका इज इन द हार्ट’ या त्याच्या १९४६च्या पुस्तकात त्या उन्हाळ्याला जागा मिळाली आहे.

मासेमारी मात्र गोऱ्यांची: इटालियन आणि स्कँडिनेव्हियन. यंत्रे, सुतारकाम, हिशेब हेही गोऱ्यांचे. पट्टा आशियाई लोकांचा आणि मूळ रहिवाशांचा. ही वाटणी जमिनीवर आखलेली होती. गोऱ्यांची निवासगृहे वेगळी, ‘चायना हाउस’ किंवा फिलिपिनो बराक वेगळी, मूळ रहिवाशांच्या झोपड्या किंवा तंबू आवाराच्या कडेला. खानावळी तीन. एकीत मांस, ब्रेड, पाय. दुसरीत भात आणि मासा. तिसरी तर बऱ्याच ठिकाणी नावापुरती, कारण आपले अन्न आपण आणावे अशीच अपेक्षा असे. आज अवशेषांचा नकाशा काढणाऱ्या पुरातत्त्वज्ञाला राहण्याच्या इमारतींच्या ओळी, त्यांचे बॉयलरपासूनचे अंतर आणि खिडक्यांची संख्या पाहून कोण कुठे राहत होते याचा अंदाज बांधता येतो. चिनी बराकीच्या उकिरड्यात तपकिरी झिलईच्या सोयासॉसच्या बरण्या, भाताचे वाडगे, अफूच्या पितळी डब्या निघतात. गोऱ्यांच्या बाजूला मिळतात व्हिस्कीच्या बाटल्या. कॅनऱ्यांविषयी लिहिताना यंत्रे आणि खोक्यांचे आकडे पुढे येतात, कारण कागदपत्रे कंपन्यांनी ठेवली. कामगाराविषयी बरीचशी साक्ष या उकिरड्यांचीच आहे.

सगळे जहाजाने येई आणि जहाजानेच जाई. वसंतात सॅन फ्रान्सिस्कोहून माणसे, पत्रा, कोळसा, मीठ, तांदूळ भरून निघायचे, आणि सप्टेंबरात डबे व माणसे घेऊन परतायचे. मधले महिने जहाज नांगरून उभे. अशा कामाला वाफेची जहाजे परवडत नव्हती. म्हणून अलास्का पॅकर्सने जगाने टाकून दिलेली शिडाची जहाजे स्वस्तात घेतली. या ताफ्याच्या नावांत भारताचा एक दूरचा धागा आहे. बेलफास्टची एक जहाज कंपनी बंगालशी, मुख्यतः कलकत्त्याशी, व्यापार करी आणि तिच्या जहाजांची नावे ‘स्टार ऑफ’ने सुरू होत. त्यांतली काही अलास्का पॅकर्सने घेतली आणि पुढे, १९०६ मध्ये, आपल्या इतर जहाजांनाही तशीच नावे दिली. १८६३ मध्ये आइल ऑफ मॅनवर बांधलेल्या आणि सुरुवातीच्या सफरी कलकत्त्याला केलेल्या ‘युटर्पी’ या लोखंडी जहाजाचे नाव तेव्हा ‘स्टार ऑफ इंडिया’ झाले. ते आज सॅन डिएगोच्या बंदरात संग्रहालय म्हणून आहे आणि अधूनमधून शिडे उभारून समुद्रावरही जाते. ‘स्टार ऑफ बंगाल’च्या वाट्याला हे आले नाही. २० सप्टेंबर १९०८ रोजी, रँगेलच्या कॅनरीतला माल आणि कामगार घेऊन परतताना, वादळात ओढबोटींचे दोर सुटले आणि जहाज कॉरोनेशन बेटाच्या खडकांवर फुटले. जहाजावरच्या १३८ जणांपैकी सुमारे ११० बुडाले. त्यांत बहुसंख्य चिनी, जपानी आणि फिलिपिनो कामगार होते. ताफ्यातले शेवटचे शिडाचे जहाज १९३० पर्यंत चालले.

१९१९च्या वसंतात ताफा ब्रिस्टल बेमध्ये पोचला तेव्हा तिथे इन्फ्लुएन्झाची साथ फुटली होती. उपसागराच्या काठची मूळ रहिवाशांची गावे दिवसांत रिकामी होत गेली. मोठी माणसे अधिक मेली, मुले मागे राहिली. सरकारी यंत्रणा जवळजवळ नव्हतीच. कॅनऱ्यांचे डॉक्टर, परिचारिका आणि कामगार यांनी आजाऱ्यांना सांभाळले, प्रेते पुरली, अनाथ मुलांना कॅनरीच्या खानावळीतून जेवण दिले. यातली बरीच मुले नंतर डिलिंगहॅमजवळच्या अनाथाश्रमात वाढली. वर्षातून चार महिने येणारी एक खासगी कंपनी त्या किनाऱ्यावरची एकमेव संस्था होती, एवढे यातून कळते. तिच्या माणसांनी केले ते मोलाचे होतेच.

मासा धरण्याच्या पद्धतीवरून सर्वांत मोठा तंटा झाला. ब्रिस्टल बेमध्ये दोन माणसांची शिडाची होडी आणि जाळे एवढेच चाले. इंजिनाच्या होड्यांना तिथे १९५१ पर्यंत बंदी होती. बंदीचे कारण मासा वाचवणे हे सांगितले जाई. होड्या कंपनीच्या असल्याने कोळी कंपनीच्या हातात राही, हा उघड फायदा होता. आग्नेय अलास्कात मात्र कंपन्यांनी मासे धरण्याचे सापळे लावले: किनाऱ्यापासून समुद्रात लांबवर गेलेली खांबांची आणि जाळीची भिंत, तिच्या टोकाला एकात एक गुंतलेले कोंडे. साल्मन किनाऱ्याच्या कडेने पोहतो, भिंत लागली की खोल पाण्याकडे वळतो आणि थेट कोंड्यात शिरतो. राखायला एक-दोन माणसे पुरत. मजुरी नाही, संप नाही, रात्रंदिवस काम. सापळे मुख्यतः सिएटल आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कंपन्यांचे, मासा अलास्काचा. स्थानिक कोळी रात्री जाऊन सापळ्यांतला मासा लुटत आणि त्यांना गावात कोणी चोर म्हणत नसे. १९५६ मध्ये अलास्काच्या नियोजित राज्यघटनेसोबत सापळेबंदीचा ठराव मतदानाला आला, तेव्हा पाचास एक अशा प्रमाणात तो मंजूर झाला. १९५९ मध्ये राज्य अस्तित्वात आले आणि सापळे गेले.

तोवर मासाही संपत आला होता. १९३६ मध्ये अलास्कात ८० लाखांहून अधिक खोकी भरली गेली. ती सर्वोच्च पातळी. त्यानंतर घसरण. १९५३ मध्ये परिस्थिती इतकी बिघडली की राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी मासेमारी भागांना आपत्तीग्रस्त घोषित केले, आणि १९५९ चा हंगाम साठ वर्षांतला नीचांकी ठरला. मासा कमी, म्हणून कंपन्यांनी कामे एकेका मोठ्या कॅनरीत एकत्र केली. मोठ्या, वेगवान होड्या आल्या, मासा थंड पाण्याच्या टाकीत लांबवर नेता येऊ लागला आणि दर नदीच्या तोंडाशी कारखान्याची गरज राहिली नाही. बहुतेक ओसाड कॅनऱ्या या काळातल्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जपानी बाजारासाठी साल्मन गोठवून पाठवणे सुरू झाले. त्यात डब्यापेक्षा पैसा अधिक होता. नव्वदच्या दशकात नॉर्वे आणि चिलीतला शेततळ्यांसारख्या पिंजऱ्यांत वाढवलेला साल्मन आला आणि भाव पडले.

या शेवटच्या टप्प्यात तीन खानावळींचा प्रश्न न्यायालयात गेला. सिएटलच्या फिलिपिनो कॅनरी कामगारांची संघटना १९३३ पासूनची. तिचे पहिले अध्यक्ष १९३६ मध्ये गोळीबारात मारले गेले. सत्तरच्या दशकात सिल्मे डोमिंगो आणि जीन व्हिएर्नेस या तरुणांनी कॅनऱ्यांतल्या भेदभावाविरुद्ध खटले उभारायला मदत केली. १ जून १९८१ रोजी सिएटलमध्ये संघटनेच्या कार्यालयात दोघांवर गोळ्या झाडण्यात आल्या. फिलिपाइन्सचा हुकूमशहा मार्कोस याच्या विरोधातही ते काम करत होते, आणि पुढे अमेरिकी न्यायालयाने त्यांच्या खुनाबद्दल मार्कोस यालाही जबाबदार धरले. त्यांनी हात लावलेल्या खटल्यांपैकी वॉर्ड्स कोव्ह कंपनीविरुद्धचा खटला १९७४ मध्ये दाखल झाला आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचला. नोंदीत सगळे होते: पट्ट्यावर फिलिपिनो आणि मूळ रहिवासी, बाहेरच्या चांगल्या नोकऱ्यांत गोरे, वेगळ्या बराकी, वेगळ्या खानावळी. कामगार पाच विरुद्ध चार मतांनी हरले. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांना या धंद्याच्या रचनेत मळेवाल्यांच्या अर्थव्यवस्थेची आठवण झाली. १९९१ मध्ये संसदेने नागरी हक्क कायदा दुरुस्त करून हा निकाल इतरांपुरता पुसून टाकला, पण कायद्यात एक कलम असेही घातले की ज्याच्यावरून हे सारे घडले तो खटला त्यातून वगळावा. सापळेबंदीला पाचास एक मते मिळाली होती, खानावळींच्या वाटणीला असा कौल कधीच मिळाला नाही. ती कॅनऱ्यांबरोबरच संपली. वॉर्ड्स कोव्हने २००२च्या अखेरीस साल्मनचा धंदा सोडला.

सोडलेली कॅनरी कशी पडते, याचाही क्रम आहे. आधी माणसेच ती मोडतात: तांब्याचे नळ, पितळी झडपा, चांगले तक्ते जातात. मग छपराचा पत्रा उडतो. आग्नेय अलास्कातल्या केचिकनच्या परिसरात वर्षाला साडेतीन मीटरहून अधिक पाऊस पडतो. एकदा छप्पर गेले की जमिनीचे तक्ते दहा-पंधरा वर्षांत खाली येतात. खांबांना लाकूड पोखरणारा समुद्री किडा लागतो. क्रिओसोट पाजलेले खांब जास्त टिकतात, पण तेच तेल आजूबाजूच्या पाण्यात आणि शिंपल्यांत मुरते. ब्रिस्टल बेमध्ये किड्यापेक्षा बर्फ घातक: हिवाळ्यात गोठलेला थर खांबांना चिकटतो आणि भरती त्याला उचलते, तसे खांब वर्षावर्षाने जमिनीतून उपसले जातात. आग तर कधीही, कारण तक्त्यांत शंभर वर्षांची चरबी मुरलेली. लाकूड गेल्यावर बॉयलर आणि रिटॉर्ट आपल्या वजनाने खाली चिखलात उतरतात आणि तिथेच राहतात. आल्डरची झाडे आणि काटेरी बेरीची झुडपे वीसेक वर्षांत आवार झाकून टाकतात. अस्वलांना ती बेरी आवडते, तेव्हा उन्हाळ्यात अवशेष पाहणाऱ्याने आवाज करत फिरावे हे बरे.

काही कॅनऱ्या यातून वाचल्या आहेत. कुप्रेआनोफ बेटावरच्या केक या त्लिंगित गावाजवळची कॅनरी १९१२ची. पुढे ती गावाने कर्ज काढून विकत घेतली, १९७७ पर्यंत चालवली, आणि १९९७ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. दर्जाबरोबर पैसा येत नाही. काही इमारती त्यानंतरही कोसळल्या. उरलेल्यांची डागडुजी गाव निधी मिळेल तशी करत आले आहे. हूनाह गावाजवळची, १९१२चीच, कॅनरी मूळ रहिवाशांच्या महामंडळाने २००४ पासून क्रूझ जहाजांचे बंदर म्हणून चालवली आहे. जुन्या पट्ट्याभोवती संग्रहालय आहे, शेजारी दुकाने, आणि डोंगरावरून समुद्राकडे सुटणारी तारेवरची घसरण. कॅनरीचे असे होणे काहींना रुचत नाही. पण गावाला उत्पन्न आहे आणि छप्पर गळत नाही.

सर्वांत पूर्ण अवस्थेत राहिलेली कॅनरी ब्रिस्टल बेमध्ये, नॅकनेक नदीच्या दक्षिण काठावर आहे. तिला ‘एनएन’ म्हणतात. चौकटीतली ही दोन अक्षरे अलास्का पॅकर्सच्या खुणेची. १८९०च्या दशकात मासे खारवण्याच्या ठाण्यातून ती वाढली, १९१९च्या साथीत तिचा दवाखाना आणि खानावळ अनाथांना उघडी झाली, आणि २०१५ मध्ये ट्रायडंट सीफूड्स या मालकांनी ती बंद केली. सुमारे पन्नास इमारती जागेवर आहेत, बराकी आणि खानावळींसकट. अँकरेजच्या इतिहासकार कॅथरिन रिंग्समथ यांचे वडील याच कॅनरीचे व्यवस्थापक होते. तिथे काम केलेल्यांच्या आठवणी, छायाचित्रे आणि वस्तू जमवण्याचा प्रकल्प त्यांनी उभा केला. त्यातून २०२१ मध्ये कॅनरीची नोंद राष्ट्रीय वारसा यादीत झाली आणि २०२२ मध्ये जुनो इथल्या राज्य संग्रहालयात ‘मग अप’ हे प्रदर्शन भरले. कॅनरीत चहापाण्याच्या सुट्टीला हेच नाव होते.

त्याच २०२२च्या उन्हाळ्यात ब्रिस्टल बेमध्ये ७ कोटी ९० लाख सॉकाय आले. नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा हा सर्वांत मोठा लोंढा. सुमारे सहा कोटी धरले गेले. बहुतेक डोके आणि आतडी काढून गोठवले गेले, थोडे डब्यात गेले. पुढच्या वर्षी भाव इतके पडले की कोळ्यांनी होड्या धक्क्याला लावून निषेध केला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ट्रायडंटने अलास्कातले आपले अनेक कारखाने विकायला काढले. केचिकन, पीटर्सबर्ग, फॉल्स पास आणि कोडियाक इथल्या कारखान्यांबरोबर साउथ नॅकनेकची बंद एनएनही त्या घोषणेत होती.